पितरांना तिलोदक द्यावे, कौल मागू नये

भाद्रपदाचा कृष्णपक्ष संपत आला. सर्वपित्री अमावास्येस चिंचवडच्या पवनाकाठी आणि देहू-आळंदीच्या इंद्रायणीकाठी आपल्या कुळातील गेलेल्यांची नावे घेऊन तिळमिश्रित पाण्याची ओंजळ सोडणारी माणसे नेहमीप्रमाणे दिसतील. त्यांतील कित्येकजण रात्रपाळी उरकून घाटावर आलेले असतील, कित्येकांनी त्या दिवसापुरती पाळी बदलून घेतलेली असेल. घरोघरी तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी असे पान वाढले जाईल. आणि चौथ्या मजल्याच्या गच्चीवर कावळ्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या गृहिणीच्या मनात सासूबाईंच्या हातच्या खिरीची चव जागी होईल.

ह्या औद्योगिक पट्ट्यात पितृपक्षाचे मोल, आम्हांस वाटते, काकणभर अधिकच आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पाठोपाठ मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणच्या शिवारांतही मोठमोठे कारखाने उभे राहिले. ह्या सर्व काळात मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण अशा नाना प्रांतांतून माणसे येथे पोटासाठी आली आणि येथलीच झाली. परंतु त्यांच्या आजा-पणज्यांची चूल, देवघर आणि अंगण मागे गावीच राहिले. वर्षाकाठी एका तिथीस त्या मागे राहिलेल्या घराशी नाते पुन्हा जोडले जाते, ते पितृपक्षातच.

ह्याच पंधरवड्यात, आणि एरवीही, गेलेल्यांशी नाते जोडण्याचा आणखी एक प्रकार काही घरांतून, विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून व वसतिगृहांतून चालतो. रात्री दिवे मंद करून, चार डोकी एकत्र येऊन, 'आत्म्याला बोलावण्याचा' तो प्रयोग होय. कोणी त्यास प्लँचेट म्हणतो, कोणी नुसते 'वाटी फिरवणे' म्हणतो. बहुतेकजण गंमत म्हणून बसतात, काहीजण दुःखाने व्याकूळ होऊन बसतात. ह्या दोघांनाही सणाच्या निमित्ताने चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

वाटी आली कोठून?

प्रयोगाची रीत आमच्या बहुतेक वाचकांस ऐकून ठाऊक असेल. गुळगुळीत पाटावर किंवा काचेच्या टेबलावर वर्तुळात मुळाक्षरे व अंक मांडावयाचे, एका बाजूस 'होय' व दुसऱ्या बाजूस 'नाही' लिहावयाचे, मध्ये वाटी उपडी घालावयाची किंवा नाणे ठेवावयाचे आणि तिघा-चौघांनी त्यावर हलकेच बोट टेकून मृत व्यक्तीचे नाव घ्यावयाचे. थोड्या वेळाने वाटी सरकू लागते, एकेका अक्षरापाशी थांबते, आणि त्या अक्षरांतून उत्तर लागते. उदबत्ती लावलेली असते, क्वचित देवाची तसबीरही जवळ असते. त्यामुळे हा आपल्याच परंपरेतील एखादा प्राचीन विधी असावा, असा पुष्कळांचा समज होतो.

हा समज खरा नाही. ह्या प्रयोगाचा उगम अमेरिकेत १८४८ साली झाला. न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल ह्या खेड्यात फॉक्स नावाच्या कुटुंबातील दोन लहान बहिणींच्या खोलीत ठकठक असे आवाज येऊ लागले आणि ते मृताचे बोलणे आहे, अशी आवई उठली. पाहता पाहता हे वेड सातासमुद्रांपलीकडे पोहोचले. पुढे फ्रान्समध्ये चाके व पेन्सिल बसविलेली लहानशी फळी निघाली, तिलाच प्लँचेट हे नाव पडले. १८९१ साली अमेरिकेत अक्षरे छापलेल्या फळ्याचे पेटंट घेण्यात आले आणि तो बाजारात घरगुती खेळ म्हणून विकला जाऊ लागला. दरम्यान, १८८८ साली त्या फॉक्स भगिनींपैकी मार्गारेट हिने न्यूयॉर्कमध्ये भरसभेत सांगितले, की ते आवाज आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढीत होतो. वर्षभराने तिने तो जबाब मागे घेतला, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु सांधे वाजवून तसे आवाज कसे निघतात, हे तिने सभेसमक्ष करून दाखविले होते.

आपल्याकडेही ह्या विद्येचे उपासक होऊन गेले. पत्नीवियोगानंतर ह्या विषयाकडे वळलेले व्ही. डी. ऋषी ह्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत ह्या कार्यासाठी संस्था चालविली. खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ साली उमादेवी नावाच्या एका तरुण स्त्रीच्या माध्यमातून आपल्या मृत आप्तांशी संभाषणाचे प्रयोग केले होते. रवींद्रनाथांनी १९०२ साली पत्नी, १९०३ साली मधली कन्या, १९०७ साली धाकटा पुत्र आणि १९१८ साली थोरली कन्या गमावली होती. एवढे आघात सोसलेल्या पित्याने आपल्या लेकरांची हाक ऐकू यावी म्हणून हात पुढे केला, ह्यास आम्ही कोणत्या तोंडाने हसावे?

म्हणूनच ह्या प्रयोगास बसणाऱ्यांची चेष्टा आम्ही करणार नाही. वाटीपाशी बसणाऱ्याच्या अंतःकरणात बहुधा एक अपुरा राहिलेला निरोप असतो. ह्या पट्ट्यात असे निरोप पुष्कळ अपुरे राहिले आहेत. सकाळी डबा घेऊन दुचाकीवरून निघालेला मुलगा पुणे-नाशिक रस्त्यावरून घरी परत आला नाही. गावी वडील अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला तेव्हा रजा मिळून एसटी गाठेपर्यंत सर्व संपले होते. आणि २०२०-२१ सालच्या कोरोनाच्या काळात तर कित्येकांना आपल्या माणसाचे शेवटचे मुखदर्शनही घडले नाही. रुग्णालयाच्या दारातून आत गेलेली व्यक्ती अस्थींच्या रूपानेच हाती आली. 'त्याला शेवटी काय सांगावयाचे होते?' हा प्रश्न ज्या घरात रात्रंदिवस घुमत असतो, त्या घरास वाटीचा मोह पडावा ह्यात नवल नाही.

बोट कोणाचे, बोल कोणाचे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वाटी खरोखर सरकते. बसलेल्यांपैकी कोणीही ती जाणूनबुजून ढकलीत नसतो, हेही अनेकदा खरे असते. मग ती सरकते कशाने?

ह्याचे उत्तर विजेच्या शास्त्रातील थोर संशोधक मायकेल फॅरडे ह्यांनी १८५३ सालीच शोधून काढले. त्या काळी टेबलाभोवती बसून त्यावर हात टेकले असता टेबल फिरू लागते, असा प्रकार लंडनमध्ये बोकाळला होता. फॅरडे ह्यांनी टेबल आणि बसणाऱ्यांचे हात ह्यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थाने जोडलेली पुठ्ठ्यांची चळत ठेवली. टेबल फिरल्यानंतर पाहता असे दिसले, की हाताजवळचा वरचा पुठ्ठा अधिक सरकलेला होता आणि टेबलालगतचा खालचा कमी. टेबल स्वतः फिरत असते तर हे उलट व्हावयास हवे होते. अर्थात टेबल हातांना ओढीत नव्हते, हातच टेबलास ढकलीत होते. पुढे त्यांनी हाताचा दाब तत्काळ दाखविणारी एक काडी बसविली. बसणाऱ्यांस ती काडी दिसू लागताच टेबलाचे फिरणे थांबले! बसलेली माणसे प्रामाणिक होती. फक्त आपल्या स्नायूंची अतिसूक्ष्म हालचाल त्यांना स्वतःला उमगत नव्हती. मनात अपेक्षा उभी राहिली की बोट तिच्या दिशेने न कळत झुकते. चौघांची बोटे एका वाटीवर असली म्हणजे तर प्रत्येकास वाटते, की मी ढकलले नाही. ह्याच कारणाने, बसणाऱ्यांचे डोळे बांधून त्यांच्या नकळत अक्षरांची जागा बदलली, तर नीट जुळणारे शब्द निघेनासे होतात.

ह्या संदर्भात एक प्रसंग फार बोलका आहे. हूडिनी हा जगप्रसिद्ध जादूगार आपल्या आईवर जिवापाड प्रेम करीत असे. १९१३ साली ती वारली. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल हे त्याचे स्नेही. त्यांची परलोकविद्येवर दृढ श्रद्धा होती. १९२२ सालच्या जूनमध्ये डॉइल ह्यांच्या पत्नीने हूडिनीच्या आईचा आत्मा आल्याचे सांगून, तंद्रीत भराभर सुमारे पंधरा पाने लिहून काढली. हूडिनीने ती पाने पाहिली आणि तो खिन्न झाला. पत्र अस्खलित इंग्रजीत होते. आईला तर ती भाषा धड येत नव्हती. पानाच्या माथ्यावर क्रूस काढलेला होता. आई ज्यू धर्मगुरूची पत्नी होती. लिहिणाऱ्या बाई लबाड नव्हत्या. त्यांच्या मनातील सद्भावच त्यांच्या लेखणीतून, त्यांच्या स्वतःच्या भाषेत व त्यांच्या स्वतःच्या धर्मचिन्हासह उतरला होता. पुढे १९२६ साली हूडिनी निवर्तल्यावर त्याच्या पत्नीने वर्षानुवर्षे त्याच्या संदेशाची वाट पाहिली आणि १९३६ साली, दहा वर्षांनंतर, तो नाद सोडून दिला.

ह्या प्रसंगाचा बोध प्रत्येक घराने घ्यावा असा आहे. वाटीतून जे बोलते ते बसणाऱ्यांच्याच अंतरंगातले असते. आपलीच आशा, आपलीच भीती, आपलाच संशय गेलेल्या माणसाच्या नावाने आपल्यापुढे उभा राहतो. खरा धोका येथूनच सुरू होतो. कारण स्वतःच्या संशयास आपण एरवी आवर घालतो. परंतु तोच संशय दिवंगत वडिलांच्या मुखाने बोलला, तर त्यास आज्ञेचे वजन येते.

घर कसे फाटते

समजा, घरातील दागिना हरवला आहे आणि वाटी फिरवून विचारले, 'कोणी घेतला?' बसलेल्यांपैकी एकाच्या मनात धाकट्या जावेविषयी किल्मिष आहे. वाटी तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर थांबते. पुढे दागिना कपाटामागे सापडला तरी जावांच्या मनातील भेग सांधत नाही. समजा, आजोबांच्या मृत्यूविषयी विचारले आणि उत्तर आले, की औषध मुद्दाम दिले नाही. ज्या सुनेने वर्षभर त्यांची सेवा केली, तिने आता कोणाकडे दाद मागावी? जमिनीची वाटणी, मुलीचे स्थळ, धंद्यातील भागीदार, असे कोणतेही प्रश्न ह्या न्यायासनापुढे नेले, की तेथे ना साक्ष असते, ना उलटतपासणी, ना अपील.

न्यायाच्या कामी असल्या साधनांचे नाव निघणेसुद्धा किती घातक ठरते, हे आपल्या शेजारीच दिसून आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांची हत्या झाली. २०१४ साली एका इंग्रजी साप्ताहिकाने असा आरोप केला, की ह्या हत्येच्या तपासात मारेकऱ्यांचा माग काढण्यासाठी प्लँचेटचा आधार घेतला गेला. तत्कालीन पोलीस आयुक्तांनी तो आरोप स्पष्टपणे नाकारला. त्या वादाच्या खोलात आम्ही शिरत नाही. मात्र आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध झटलेल्या माणसाच्या खुनाच्या तपासाशी प्लँचेटचे नाव जोडले जावे, ह्याने साऱ्या महाराष्ट्रास चुटपूट लागली. पुढे १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप ठोठावली व तिघांना निर्दोष सोडले. हा निर्णय जिवंत साक्षीदारांच्या शपथेवरील जबानीच्या बळावर झाला. डॉक्टरांच्या मतांशी आमच्या काही वाचकांचा मतभेद असेल. तथापि खुनाचा निवाडा साक्षीपुराव्यानेच व्हावा, ह्यात दोन मते असू नयेत.

दुसरे उदाहरण दिल्लीचे आणि ते फार क्लेशदायक आहे. १ जुलै २०१८ रोजी बुराडी भागातील एका सुस्थितीतील, देवभक्त कुटुंबातील अकरा माणसे एकाच घरात मृतावस्थेत आढळली. २००७ साली वारलेले वडील आपल्याद्वारे बोलतात, असा घरातील एका मुलाचा विश्वास होता. त्या 'वडिलांच्या' सूचना वह्यांत उतरविल्या जात आणि सारे कुटुंब त्या पाळीत असे. आरंभी त्या सूचना साध्याच होत्या: घराची शिस्त, देवपूजा, पैशाचा व्यवहार. घरास बरे दिवस आले तेव्हा विश्वास अधिकच बळावला. अखेरीस अशाच एका सूचनेबरहुकूम केलेल्या विधीत आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांचा अंत झाला. बाहेरच्या कोणाचा त्यात हात आढळला नाही. आणि मृतांच्या मनःस्थितीचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी ही आत्महत्या नसून विधीच्या ओघात घडलेला अपघात असावा, असा निष्कर्ष काढला. तेथे वाटी नव्हती, पण मूळ गोष्ट तीच होती. गेलेल्या माणसाच्या तोंडून येणाऱ्या शब्दास 'हे बरोबर नाही' असे म्हणण्याचा अधिकार घरातील कोणाकडेच उरला नव्हता.

मुलांना काय सांगावे

मुलांच्या बाबतीत धोका निराळा आहे. शाळा-महाविद्यालयांतील मुले हा प्रकार धाडस म्हणून करतात. आता तर मोबाइलवरही असले खेळ मिळतात. मुले विचारतात काय? 'मी पास होईन का?' आणि हमखास विचारला जाणारा दुसरा प्रश्न, 'मी कधी मरेन?' वाटी कोणत्या तरी आकड्यावर थांबतेच. बाकीचे हसून विसरून जातात. परंतु त्यांतील एखादे हळवे मूल तो आकडा उराशी घेऊन झोपते, किंबहुना झोपतच नाही. त्याचे अभ्यासातून लक्ष उडते, अंधाराची भीती बसते, अन्नावरची वासना जाते. ज्या मुलाच्या मनाचा तोल मुळातच नाजूक आहे, त्याचा आजार अशा भीतीने बळावू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, घरचे लोक 'बाधा झाली' असे समजून त्यास डॉक्टरांऐवजी मांत्रिकाकडे नेतात आणि उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात.

मृत्यूविषयी विचारणे हे काही पाप नाही. नचिकेता तर बालवयातच यमाच्या दारी जाऊन हा प्रश्न विचारता झाला. परंतु यमाने त्यास प्रथम टाळले, दुसरे काहीही माग म्हणून विनविले, त्याची पात्रता पाहिली आणि मगच उत्तर दिले. त्या बालकाचा पहिला वर कोणता होता, हेही मुलांना अवश्य सांगावे. आपल्या पित्याचे मन शांत व्हावे व त्याने आपल्याला प्रेमाने जवळ घ्यावे, एवढेच त्याने प्रथम मागितले. मृत्यूच्या दारात उभे राहूनही ज्याला जिवंत पित्याची चिंता वाटली, तो नचिकेता कोठे आणि मेणबत्तीच्या उजेडात आकडे मोजणारा खेळ कोठे!

ह्या भीतीवर पोट भरणारेही आहेतच. 'तुमच्या घरात अतृप्त आत्मा आहे, तो अमुक मागतो', असे सांगून हजारो रुपयांचे विधी गळ्यात मारणाऱ्यांचे आयते गिऱ्हाईक म्हणजे वाटीमुळे घाबरलेले कुटुंब होय. महाराष्ट्रात ह्यासंबंधी ऑगस्ट २०१३ मध्ये वटहुकूम निघाला व डिसेंबर २०१३ मध्ये कायदा संमत झाला. भुताचे आवाहन करण्याच्या धमकीने लोकांत घबराट पसरविणे, भुताचा कोप भासवून रुग्णास वैद्यकीय उपचारापासून रोखणे, असले प्रकार ह्या कायद्याने गुन्हा ठरले आहेत. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पूजाअर्चा, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन ह्यांना हा कायदा हात लावीत नाही, हेही श्रद्धाळू वाचकांनी ध्यानात घ्यावे.

श्राद्धातही आवाहन आहेच ना?

येथे एखादा चोखंदळ वाचक आम्हांस विचारील, 'श्राद्धातही पितरांचे आवाहन असतेच. मग वाटीवर बोलावले तर बिघडले कोठे?' प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर श्राद्धाच्या विधीतच आहे.

श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह ह्यांचे आवाहन अनुक्रमे वसु, रुद्र व आदित्य ह्या रूपांत होते. आपल्या ओळखीचा, रागालोभाचा माणूस तेथे देवस्वरूप मानलेला असतो. त्यास आसन द्यावयाचे, तिलोदक द्यावयाचे, पिंड द्यावयाचे, अन्न द्यावयाचे. मागावयाचे काय? तर कुळात दातृत्व वाढावे आणि श्रद्धा ढळू नये, एवढा आशीर्वाद. कोणावर आळ घ्या, हरवलेले शोधून द्या, भविष्य सांगा, असे तेथे कोणी विचारीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटी विसर्जन असते. आलेल्यांस आदराने निरोप देऊन आपण आपल्या संसारास लागतो. तिथी ठरलेली, वेळ ठरलेली आणि शेवटही ठरलेला. वाटीच्या प्रयोगास ह्यांपैकी एकही मर्यादा नाही. तेथे देणे नाही, केवळ मागणे आहे. निरोप नाही, केवळ पुन्हा पुन्हा बोलावणे आहे. आज उत्तर मिळाले तर उद्या पुन्हा बसावेसे वाटते. नाही मिळाले तरी उद्या पुन्हा बसावेसे वाटते. शोकाची जखम भरून यावयाची ती रोज नव्याने उकलली जाते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि प्रेते व भूतगण ह्यांच्या मागे लागणाऱ्यांची श्रद्धा तामस म्हटली आहे. नवव्या अध्यायात तर, जो ज्याची उपासना करतो तो त्यालाच जाऊन मिळतो, असा स्पष्ट इशारा आहे. देहूच्या तुकोबांनी क्षुद्र दैवतांच्या व अंगात येण्याच्या प्रकारांचा किती कठोर समाचार घेतला, हे ह्या भूमीतील वारकऱ्यांस आम्ही सांगावयास नको.

पितर कशाने संतुष्ट होतात, ह्याची एक कथा महिपतींच्या संतचरित्रांमुळे व कीर्तनकारांमुळे घरोघरी पोहोचली आहे. पैठणास एकनाथ महाराजांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. त्याचा सुवास रस्त्याने जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या, एका भुकेल्या कुटुंबास आला. नाथांनी ते सारे अन्न त्यांस पोटभर वाढले. ब्रह्मवृंद रुसला, नव्याने केलेल्या स्वयंपाकासही पानावर कोणी बसेना. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, असे कथा सांगते. पितर आले ते कोणाच्या जाब विचारण्याने आले नाहीत. भुकेल्याच्या मुखी पडलेल्या घासाने आले. ह्याहून निराळे आवाहन आमच्या परंपरेस ठाऊक नाही.

आणि आळंदीचे काय? १२९६ साली ज्ञानेश्वर माउलींनी तेथे संजीवन समाधी घेतली. सातशे वर्षांहून अधिक काळ लाखो माणसे त्या समाधीवर मस्तक टेकवीत आली आहेत. चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीपुढे अशीच रीघ असते. ह्यांतील कोणी अक्षरांचा फळा घेऊन तेथे बसतो काय? माउलींचे म्हणणे ऐकावयाचे असेल तर भाविक ज्ञानेश्वरी उघडतो. गेलेल्यांनी जे मागे ठेविले, त्यातूनच ते बोलतात. आपल्या आई-वडिलांनीही ग्रंथ नसला तरी काही ना काही मागे ठेविलेलेच असते: एखादी वही, एखादी सवय, एखादा शब्द, हाताला लावलेले वळण.

अपुऱ्या निरोपासाठी

ज्यांचा निरोप खरोखरच अपुरा राहिला, त्यांनी काय करावे? प्रथम हे जाणावे, की गेलेला माणूस जवळ आहे असे वाटणे, क्षणभर त्याची चाहूल लागणे हे काही वेड नव्हे आणि बाधाही नव्हे. वेल्स प्रांतातील डॉक्टर डेवी रीस ह्यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांची पाहणी करून १९७१ साली ती प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचे असे भास झालेले होते आणि पुष्कळांना त्यांतून दिलासाच मिळाला होता. प्रेमाचा हा साधा स्वभाव आहे. त्यास वाटीची गरज नाही आणि त्यास घाबरण्याचेही कारण नाही.

जे सांगावयाचे राहून गेले ते पत्रासारखे लिहून काढावे, किंवा तर्पणाच्या वेळी मनातल्या मनात बोलावे. तिथीच्या दिवशी पान वाढून झाले की मुलांना जवळ बसवून आजोबांची गोष्ट सांगावी: ते कोणत्या गावचे, येथे प्रथम कोणत्या खोलीत राहिले, पहिल्या पगाराचे त्यांनी काय केले. नदी दूर असेल, गुरुजी मिळत नसतील, पाळी चुकविता येत नसेल, तर गच्चीवर पाण्याची ओंजळ सोडली तरी भाव पोहोचतो. गेलेल्याच्या नावे एखाद्या गरजूस अन्न द्यावे, एखाद्या विद्यार्थ्याची पुस्तके घ्यावी. आणि शोक महिनोन्‌महिने उतरत नसेल, झोप व अन्न सुटले असेल, भलते आवाज आज्ञा देत असतील किंवा मूल भीतीने खंगत असेल, तर संकोच न करता मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जावे. सरकारची 'टेलि-मानस' ही निःशुल्क सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. ताप आला असता डॉक्टर गाठण्यात जसा कमीपणा नाही, तसा येथेही नाही.

घरात मुलांनी असा प्रयोग केल्याचे कळले, तर त्यांना मारझोड करू नये आणि 'आता तो आत्मा मागे लागेल' अशी धास्ती तर मुळीच घालू नये. फॅरडेची गोष्ट सांगावी, नचिकेत्याची गोष्ट सांगावी, वाटी स्वयंपाकघरात तिच्या जागी ठेवावी आणि विषय संपवावा.

श्राद्ध हा शब्दच श्रद्धेपासून आलेला आहे. आपले पूर्वज आपल्यावर रुसून अंधारात दबा धरून बसलेले नाहीत, ही खरी श्रद्धा. ज्यांनी आपल्यासाठी गाव सोडला, उन्हातान्हात कष्ट उपसले, ते आपल्या घरात भांडण लावण्यासाठी कशाला येतील? त्यांना यावयाचेच असेल तर ते नातवाच्या हसण्यात येतील, सुनेने जपलेल्या चटणीच्या चवीत येतील, लेकाच्या प्रामाणिक कामात येतील. ह्या अमावास्येस त्यांना ओंजळभर पाणी द्यावे, घासभर अन्न द्यावे, मनःपूर्वक नमस्कार करावा आणि आनंदाने निरोप द्यावा. दुसऱ्याच दिवशी घटस्थापना आहे. जुन्यांचा निरोप नीट झाला म्हणजे देवघरात नव्या नवरात्राचा दिवा निर्मळ मनाने लावता येतो.